लौंग-सेव प्रकरणी सत्य बोलण्याची पूर्वतयारी

माणसाने सत्य बोलावे, हे सर्व धर्मांना, सर्व शासनांना आणि सर्व सासवांना मान्य आहे. मतभेद आहेत ते कधी, कोणापुढे आणि किती, एवढ्यापुरतेच. आमच्या इंदूरने या बाबतीत फार पूर्वीच एक समंजस तोडगा काढलेला आहे. इथे सहसा कोणी खोटं बोलत नाही. इथे मन राखलं जातं. खोटं बोलणं म्हणजे समोरच्याला फसवणं, आणि मन राखणं म्हणजे त्याला ठाऊक असलेली वाईट बातमी पुन्हा आपल्या तोंडून न देणं. हा फरक आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतो. तो न कळणारी एकच वस्तू मी आजवर पाहिली, आणि ती म्हणजे पॉलिग्राफ नावाचं खोटं पकडणारं यंत्र.

माझा परिचय थोडक्यात देतो. मी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. स्नेहलतागंजात मला 'हेडसाहेब' म्हणतात. जन्मभर इतरांच्या चुका शुद्ध भाषेत लिहून दिल्यामुळे कोणत्याही घटनेचं वर्णन न चिडता करण्याची मला सवय आहे. (चिडायचंच झालं तर मी कंसात चिडतो.) माझ्या शेजारी श्रीकृष्णजी टेंबे राहतात. ते 'खमंगराज नमकीन' या कारखान्यात मसाला इनचार्ज आहेत. इनचार्ज म्हणजे काय, तर कारखान्याच्या लौंग-सेवेत, म्हणजे लवंगेच्या शेवेत, कोणता मसाला किती पडतो हे ज्या पाच माणसांना ठाऊक होतं, त्यांतले ते सर्वांत जुने.

'ठाऊक होतं' असा भूतकाळ मी मुद्दाम वापरला आहे. कारण एक दिवस बाजारात 'स्वादमहल' या प्रतिस्पर्धी कंपनीची लौंग-सेव आली आणि ती चिमूटभर फरक सोडला तर हुबेहूब खमंगराजसारखी लागली. इंदूरमध्ये दुसऱ्याची जमीन दाबणं, गाडी आडवी लावणं, भर चौकात सिग्नल तोडणं हे सगळं लोक समजून घेतात. पण सेवेची चव चोरली म्हटल्यावर पानाच्या दुकानापासून वकिलांच्या चेंबरपर्यंत सगळे गंभीर झाले. तीन दिवस आमच्या गल्लीत क्रिकेटचा विषय निघाला नाही.

खमंगराजचे तरुण मालक यशवर्धन हे परदेशातून मॅनेजमेंट शिकून आलेले आहेत. (वडिलांनी धंदा केला, मुलगा मॅनेजमेंट करतो. एका पिढीत एवढी प्रगती पुष्कळ झाली.) त्यांनी फर्मान काढलं, की त्या पाचही जणांची पॉलिग्राफ टेस्ट होणार. ज्या शहरात घरोघर ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा होतो, तिथे खरं आणि खोटं वेगळं करायला काय हरकत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता. कायद्याने अशी टेस्ट माणसाच्या स्वेच्छेनेच घेता येते, म्हणून पाचही जणांना स्वेच्छेचा कागद सही करायला दिला. स्वेच्छा अनिवार्य होती.

त्या संध्याकाळी श्रीकृष्णजी माझ्या ओट्यावर येऊन बसले ते चेहरा पांढराफटक करून.

"हेडसाहेब, मी काही केलं नाही हो."

"मग झालं तर. घाबरायचं कशाला?"

"काही केलं नाही म्हणून तर घाबरलोय. ज्याने केलं असेल त्याने काहीतरी तयारी केली असणार ना! माझी तर काहीच तयारी नाही."

मग ते अगदी हळू म्हणाले, "नोकरी जाईल त्याचं एवढं नाही. दोन-तीन वर्षं राहिलीत. पण जाताना 'चोर' म्हणून जाईन ना, भिया. या गल्लीतून रोज तेच तोंड घेऊन दूध आणायला जायचंय मला."

हा माणूस बाजारात सुट्टे जास्त आले तर परत द्यायला उन्हात मागे जातो. मी ताबडतोब पूर्वतयारी समिती स्थापन केली. सदस्य: मी (अध्यक्ष), श्रीकृष्णजींच्या पत्नी सुलोचनावहिनी, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी पलक, आणि तज्ज्ञ म्हणून मनीष भिया (भिया म्हणजे इंदुरी भाऊ).

मनीष भियांची ओळख करून द्यायला हवी. इंदूरमध्ये परीक्षा म्हटली की कोचिंग आलंच. ते नसेल तर ती परीक्षा आहे यावर पालकांचा विश्वास बसत नाही. मनीष भिया आजवर बँक, पटवारी, पोलीस भरती आणि एकदा तर ड्रायव्हिंग लायसन्सच्या लेखी परीक्षेचं कोचिंग देऊन चुकले होते. पॉलिग्राफ ही 'टेस्ट' आहे एवढं कानावर पडताच त्यांनी दुसऱ्या दिवशी बोर्ड लावला: 'पॉलिग्राफ फाउंडेशन बॅच. हिंदी आणि मराठी माध्यम. पहिल्याच प्रयत्नात निर्दोष.' खाली बारीक अक्षरात 'दोषींसाठी वेगळी बॅच' असंही होतं.

"सिलॅबस काय आहे?" श्रीकृष्णजींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सत्य," मनीष भिया म्हणाले. "छोटाच सिलॅबस आहे, पण लोक ऑप्शनला टाकतात."

"आणि निगेटिव्ह मार्किंग?"

"उसी का तो पेपर है, अंकल."

मनीष भियांनी समजावून सांगितलं ते असं. यंत्र छातीला पट्टा बांधतं आणि श्वास मोजतं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतं, बोटांना चिमटे लावून घाम मोजतं. खोटं बोललं की माणूस आतून हलतो आणि स्क्रीनवरची रेघ उडते. म्हणजे यंत्राला खोटं कळत नाही, त्याला फक्त माणूस घाबरलेला कळतो. (लग्नाच्या बोहल्यावर हे यंत्र लावलं तर देशात एकही लग्न लागायचं नाही.) तेव्हा तयारी करायची ती न घाबरण्याची.

लगेच घरी सराव परीक्षा ठेवली. वहिनींचं बीपीचं मशीन, पलकचं स्मार्ट घड्याळ आणि छातीला जुन्या ट्रॅकपँटचं इलॅस्टिक, असा सरंजाम होता. मी परीक्षक. सुरुवात सोपी करावी म्हणून मी विचारलं, "श्रीकृष्णजी, चहा घेणार?"

"नको नको, आत्ताच झाला," श्रीकृष्णजी म्हणाले.

घड्याळ ओरडलं. नाडी शंभराच्या वर गेली होती. पलक म्हणाली, "बाबा, तुम्ही तर सकाळपासून चहा घेतलाच नाही!" वहिनी म्हणाल्या, "अहो, घरातल्या घरातसुद्धा नको म्हणता?" श्रीकृष्णजी कानकोंडे होऊन म्हणाले, "हेडसाहेबांनी विचारलं ना. एकदम हो कसं म्हणायचं? बरं दिसत नाही."

पुढचे प्रश्नही तसेच गेले. मसाल्याविषयी विचारलं की नाडी शांत, खजराना गणपतीच्या मंडपात बसल्यासारखी. आणि "काय, मजेत ना?" विचारलं की हो म्हणताना घड्याळ ठणाणा करायचं. निष्कर्ष उघड होता. श्रीकृष्णजींचं मन मसाल्याच्या बाबतीत स्वच्छ होतं, पण रोजच्या व्यवहारात ते सराईत गुन्हेगार होते.

मी कचेरीतल्या सवयीप्रमाणे या विषयाचा रीतसर अभ्यास केला. स्नेहलतागंजातल्या एका सर्वसाधारण घरात दिवसभरात बोलल्या जाणाऱ्या शंभर वाक्यांपैकी एकसष्ट मन राखणारी असतात, तेवीस वेळ मारून नेणारी, आणि उरलेली सोळा म्हणजे नुसतं 'हओ', म्हणजे हो. मन राखणाऱ्या वाक्यांचे मी प्रवर्ग पाडले:

प्रवर्ग अ, प्रवासविषयक: 'निघालोच' (बोलणारा अजून टॉवेलमध्ये आहे). 'रस्त्यातच आहे' (घराच्या खिडकीतून रस्ता दिसतो).

प्रवर्ग ब, आहारविषयक: 'पोट अगदी भरलंय'. 'आता एक घाससुद्धा जाणार नाही' (यानंतर सरासरी चार घास जातात).

प्रवर्ग क, स्नेहविषयक: 'आत्ता तुमचीच आठवण निघाली होती.' 'अगं, तू बारीक झालीस!' 'जेवूनच जा आता' (उच्चार करताना एक हात दाराच्या कडीवर).

प्रवर्ग ड, संकीर्ण: 'फोन सायलेंटवर होता.'

मनीष भियांनी ही वर्गवारी वाचून लगेच नोट्समध्ये घातली. (मला विचारलं नाही. असो.) त्यांचं मत पडलं की परीक्षेच्या आधी शरीर पूर्ण साफ करायला हवं, जसं ऑपरेशनच्या आधी पोट साफ करतात तसं. तेव्हा टेस्ट होईपर्यंत श्रीकृष्णजींनी अ ते ड यांपैकी एकही वाक्य तोंडातून काढायचं नाही. जे असेल ते खरं बोलायचं. समितीने ठराव एकमताने मंजूर केला. तो मंजूर करताना सत्याचा आमच्यापैकी कोणालाच अनुभव नव्हता.

पहिला दिवस बरा गेला. समोरचे गुप्ताजी नवी गाडी दाखवायला आले तेव्हा श्रीकृष्णजी म्हणाले, "रंग नाही आवडला." गुप्ताजींना वाटलं, थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची नवविवाहित मुलगी लग्नाचा व्हिडिओ दाखवायला बोलवायला आली, तिला ते म्हणाले, "बेटा, कोणाच्याही लग्नाचा व्हिडिओ मला बघवत नाही." ती रडत वर गेली. तिसऱ्या दिवशी मी त्यांना १९८७ सालच्या ऑडिटची गोष्ट सांगत होतो, तर ते मधेच म्हणाले, "हेडसाहेब, ही गोष्ट मी चाळीस वेळा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी त्यात तुम्हीच हुशार असता." (यावर मी काही बोलणार नाही. समितीचा अध्यक्ष या नात्याने मी त्यांची प्रगती समाधानकारक असल्याची नोंद केली आणि घरी जाऊन जेवलो नाही.)

आणि मग आनंदीमावशी आल्या.

आनंदीमावशी म्हणजे सुलोचनावहिनींच्या मावशी. राहणार मल्हारगंज, वय पंचाहत्तरच्या पुढे, भजनी मंडळाच्या अध्यक्षा. श्रीकृष्णजी नोकरीसाठी एकटे इंदूरला आले तेव्हा याच मावशींनी त्यांना वर्षभर जेवू घातलं आणि पुढे आपली भाची देऊन कायमचं जेवू घातलं. पावसाळा सुरू झाला की मावशी भुट्ट्याचा कीस करून स्टीलच्या डब्यातून घेऊन येतात. तो कीस आंबट असतो. साधा आंबट नाही. तो खाल्ल्यावर माणसाचा एक डोळा आपोआप मिटतो. गेली तीस वर्षं श्रीकृष्णजी एक डोळा मिटून "वा मावशी, क्या बात है" म्हणत आले होते आणि मावशी त्यांना आणखी एक डाव वाढत आल्या होत्या.

त्या दिवशी मावशींनी डबा उघडला, वाढलं, आणि विचारलं, "कसा झालाय, जावईबापू?"

आम्ही सगळे तिथेच होतो. वहिनींनी डोळ्यांनी खुणावलं. पलकने टेबलाखालून पाय मारला (तो मला लागला). मी स्वतः खोकलो. पण श्रीकृष्णजींच्या अंगात सत्य भिनलेलं होतं. ते म्हणाले, "आंबट आहे, मावशी. नेहमीच असतो."

मावशींनी डब्याचं झाकण लावलं, पदराने डबा पुसला, आणि चपला घालून जिना उतरल्या. वहिनी खाली धावल्या, पण त्या रिक्षात बसून गेल्याही होत्या. श्रीकृष्णजी ताटासमोर तसेच बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मनीष भिया त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "पण अंकल, पल्स एकदम नॉर्मल!" सुलोचनावहिनींनी त्यांना त्याच क्षणी समितीतून काढलं. फी परत मिळाली नाही.

मावशींनी मग फोन घेतला नाही. श्रीकृष्णजी दोनदा मल्हारगंजला जाऊन दार वाजवून आले. आतून 'घरी नाही' असं मावशींच्याच आवाजात उत्तर आलं. (प्रवर्ग ड.) टेस्टच्या आदल्या दिवशी आम्ही खजरान्याला गेलो. तिथे देवळाच्या पाठीमागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून नवस बोलायची रीत आहे. इच्छा पुरी झाली की येऊन सुलटं काढायचं. श्रीकृष्णजींनी दोन काढली. एक नोकरीचं आणि एक मावशींचं. मी विचारलं, दोन्हीतलं आधी कोणतं? ते म्हणाले, "मावशींचं." खरं बोलण्याचा कोर्स अजून सुरू होता, त्यामुळे मी विश्वास ठेवला.

परीक्षेच्या दिवशी पोहे-जिलबी झाली, हातावर दही-साखर झाली. पॉलिग्राफ घ्यायला एजन्सीकडून निधी मॅडम आल्या होत्या. तिशीच्या आत-बाहेरच्या, गंभीर चेहऱ्याच्या, आणि आडनावावरून आपल्याच. कारखान्याच्या मीटिंग हॉलमध्ये यंत्र मांडलं होतं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आत काय झालं ते श्रीकृष्णजींनी नंतर सांगितलं.

पहिला धक्का हा, की निधी मॅडमनी सगळे प्रश्न टेस्टच्या आधीच वाचून दाखवले. पद्धतच तशी असते म्हणे. म्हणजे परीक्षकाने स्वतःच पेपर फोडला, आणि मनीष भियांचे 'संभाव्य प्रश्न' वाया गेले. मग पट्टे, चिमटे. मग एक साधा प्रश्न: "आयुष्यात कधी कोणाशी खोटं बोललात?"

श्रीकृष्णजींनी विचारलं, "मन राखणं त्यात धरायचं का?"

निधी मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "काका, ते धरलं तर आपण दोघंही आज घरी जाणार नाही."

मग मुख्य प्रश्न आला: "लौंग-सेवेच्या मसाल्याचं प्रमाण तुम्ही बाहेरच्या कोणाला सांगितलं का?"

"नाही," श्रीकृष्णजी म्हणाले. रेघ सरळ गेली. जरासुद्धा हलली नाही. बाकीच्या चौघांचीही तीच गत. पाच माणसं, पाच सरळ रेघा, एकही चोर नाही, आणि मसाला मात्र बाजारात.

यशवर्धन भडकले. मशीन खराब आहे म्हणाले. निधी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, मशीन ठीक आहे. प्रश्न चुकलाय. मी मल्हारगंजची आहे, मला आधीच लक्षात यायला हवं होतं." त्यांनी पाचही जणांना परत बोलावलं आणि नुसतं एवढंच विचारलं: "घरच्या कोणाला सांगितलं का?"

"हो तर!" श्रीकृष्णजी आनंदाने म्हणाले. "आनंदीमावशींना. त्या विचारत होत्या."

पाचही जण आनंदाने हो म्हणाले. कोणी मेव्हण्याला, कोणी काकूला, कोणी एका शेजाऱ्याला, जो शेजारी नसून घरच्यासारखाच होता. कोणाचीही रेघ हलली नाही. हलणार कशी? घरच्याला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं थोडंच आहे? ते म्हणजे मोठ्याने विचार करणं.

यशवर्धन म्हणाले, पाचही जणांना आजच काढतो, आणि त्यांच्यावर केस करतो. श्रीकृष्णजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांवर चिमट्यांचे वळ होते. "हेडसाहेब, मी खरं बोललो," म्हणाले. "आणि खरं बोलून मीच चोर निघालो." मला त्या यशवर्धनाचा असा राग आला, असा राग आला, की कंस पुरला नसता.

निधी मॅडमनी एक दिवस मागून घेतला. म्हणाल्या, मसाला स्वादमहलपर्यंत नेमका कुठून गेला ते सापडल्याशिवाय रिपोर्ट देता येत नाही. ज्या पाच वाटा होत्या, त्यांतली एकच स्वादमहलच्या दिशेला जात होती, ती आनंदीमावशींची. कारण स्वादमहलच्या मालकीणबाई मावशींच्याच भजनी मंडळात टाळ वाजवतात. म्हणजे श्रीकृष्णजींचं सगळं आता मावशींच्या शब्दावर होतं. आणि मावशी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. त्यांनी 'मी कोणालाच नाही सांगितलं' म्हटलं असतं, किंवा दारच उघडलं नसतं, तर रिपोर्टमध्ये शेवटचं नाव श्रीकृष्णजींचं राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मल्हारगंजला गेलो. निधी मॅडम, यशवर्धन, श्रीकृष्णजी, वहिनी आणि मी. श्रीकृष्णजी गल्लीतच थांबले. मावशींनी दार उघडलं, निधीच्या हातातली पेटी बघितली आणि म्हणाल्या, "मला तारा कशाला लावतेस गं? विचार ना."

"मावशी, मसाला तुम्ही कोणाला सांगितला?"

"मंडळात सांगितला. एकादशीला. सगळ्या होत्या."

"स्वादमहलवाल्या बाईसुद्धा?"

"त्या तर पुढेच बसतात. बाहेरच्या थोड्याच आहेत? पण माझ्याकडून लवंगेचं माप जास्त सांगितलं गेलं होतं. बरं झालं शोभनाने लगेच दुरुस्त केलं, नाहीतर सगळ्यांची सेव कडू झाली असती."

शोभनाबाई म्हणजे यशवर्धन यांच्या मातोश्री. त्या ही भजनं कधी चुकवत नाहीत. यशवर्धन तिथल्या तिथे स्टुलावर बसले. त्यांनी आईला फोन लावला. आई म्हणाल्या, "हो रे, सांगितलं. आपलीच मंडळी आहेत. आणि अर्धवट माहिती देणं बरं नाही दिसत." मॅनेजमेंटमध्ये आईला कसं काढायचं ते शिकवत नाहीत. प्रकरण त्या स्टुलावरच मिटलं.

मग मावशी जिन्यावरून ओरडल्या, "आणि तो खाली उन्हात कशाला उभा आहे? त्याला म्हणावं वर ये." श्रीकृष्णजी वर आले आणि सरळ मावशींच्या पायाशी बसले. मावशींनी त्यांच्या पाठीवर एक धपाटा घातला. "मेल्या, आंबट होतो हे मला काय कळत नाही? मीही तोच खाते ना घरी. तू खातोस म्हणून करत होते. तू खायचं सोडलंस, तर मग मी कोणासाठी करू?" दोघेही रडले. निधी मॅडमनी पेटीकडे बघत नाक पुसलं. मग मावशींनी कीस वाढला. श्रीकृष्णजींनी घास घेतला, त्यांचा एक डोळा मिटला, आणि ते म्हणाले, "वा मावशी! क्या बात है." यशवर्धन यांनीही तेच म्हटलं. त्यांचे तर दोन्ही डोळे काही काळ उघडत नव्हते.

श्रीकृष्णजींची नोकरी टिकली. गल्लीतून ते पूर्वीसारखेच दूध आणायला जातात. गुप्ताजींना गाडीचा रंग 'हळूहळू आवडायला लागला' असं सांगून आले. माझी ऑडिटची गोष्ट त्यांनी परवा पुन्हा ऐकून घेतली आणि शेवटी "आँ?" असं आश्चर्याने म्हणालेसुद्धा. (काहीही म्हणा, माणूस मोठ्या मनाचा आहे.)

मात्र यशवर्धन यांनी एक नवा नियम केला आहे. मसाला ज्याला ज्याला ठाऊक आहे, त्या प्रत्येकाची आता टेस्ट होणार. मग तो कारखान्यातला असो वा बाहेरचा. निधी मॅडमनी इंदूरमध्येच ऑफिस थाटलं आहे. मनीष भियांच्या बॅचेस सकाळ-संध्याकाळ भरलेल्या आहेत.

हे सगळं तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही इथवर वाचत आलात, म्हणजे काही परके नाही. तेव्हा ऐकाच: लवंग भाजायची नाही, दोन दिवस उन्हात वाळवून जाडसर कुटायची, बेसनाच्या किलोला पाऊण चमचा, ओवा त्याच्या निम्मा, हिंग मोहनात नाही, पाण्यात, आणि सगळ्यात शेवटी चिमूटभर सुंठ, जी स्वादमहलवाल्यांना अजून कळलेली नाही.

आता निधी मॅडम तुम्हालाही विचारतील, की हे तुम्ही बाहेरच्या कोणाला सांगितलंत का. निर्धास्तपणे 'नाही' म्हणा, रेघ हलणार नाही. सुंठेचं वाचल्याबरोबर जिला फोन करून सांगावं असं तुमच्या मनात आलं, ती काही बाहेरची नाहीच.